रजा ठरलेली, बर्फाचा नेम नाही

रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि उत्तरेकडच्या गाड्या बघता बघता भरून जातात. डोंगरावर बर्फ पडणार की नाही हे मात्र वेधशाळा फार तर पाच-सात दिवस आधी भरवशाने सांगू शकते. या तीन गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

वाचक म्हणतील, हा प्रश्न आपला नव्हेच. लाकडी फळ्या पायाला बांधून बर्फावरून घसरायचे, म्हणजे स्की करायचे, हा पैसेवाल्यांचा नि परदेशी पाहुण्यांचा नाद. काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. पण आपल्या वस्त्यांतली मुलेमुली एनसीसीतून गुलमर्गच्या शिबिरांना जाऊन आली आहेत. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था, पहलगामची संस्था, गुलमर्गमधली पर्यटन खात्याची संस्था, या सगळ्या ठिकाणी नवशिक्यांसाठी स्कीचे वर्ग असतात. बहुतेक वर्ग दोन आठवड्यांचे असतात आणि राहणे, जेवण व साहित्य फीमध्येच येते. खासगी हॉटेलात राहून शिकण्यापेक्षा ते किती तरी स्वस्त पडते. तेव्हा नाद राहू द्या बाजूला, खेळ म्हणून तो आपल्या दारापर्यंत आला आहे.

माझा एक भाचा कारखान्यात फिटर आहे. त्याने हे सगळे ऐकले, पण संस्थेच्या वर्गाला नाव घालायला उशीर झाला. मग चौघा मित्रांनी आपले आपणच गुलमर्गला जायचे ठरवले. दिवस निवडले जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यातले. का, तर काश्मीरमध्ये जानेवारीत बर्फ असतोच, असे सगळेच म्हणतात. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी मिळत असे, म्हणून तिकिटे सप्टेंबरातच काढून ठेवली. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात मोबाईलवर पंधरा दिवसांचा अंदाज पाहिला, तर बाराव्या दिवसापाशी चाळीस सेंटीमीटर बर्फ! चौघांनी आनंदाने एकमेकांना ते चित्र पाठवले. दोन दिवसांनी पाहिले तर चाळीसचे पंधरा झाले होते. गाडीत बसले तेव्हा पंधराचे तीन. श्रीनगरला उतरले त्या दिवशी त्या रकान्यात पिवळाधमक सूर्य होता.

गुलमर्गची सगळी कुरणे त्या दिवसांत तपकिरी, वाळक्या गवताची होती. ती छायाचित्रे तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आली, वाचकांना आठवत असतील. डिसेंबर नि जानेवारी जवळजवळ कोरडे गेले होते. चौघांनी घोड्यावर बसून फोटो काढले, केबलकारने वर जाऊन दुरून थोडा पांढरा डोंगर पाहिला आणि परत आले. महिनाअखेर बर्फ आला, तेव्हा भाचा पुन्हा मशीनवर उभा होता.

"मामा, मोबाईलमध्ये दाखवत होतं हो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात फसवले गेल्याची कळ होती. मला वाटते त्याला कोणी फसवले नव्हते. त्याने अंदाज वाचला होता, पण अंदाजात काय लिहिलेले असते हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

ते वादळ येते कुठून

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून जमिनीवरून चालत येतो. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या भागांत हवेचा दाब कमी होऊन भोवरे तयार होतात. फार उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्यांचा एक वेगवान पट्टा असतो, तो या भोवऱ्यांना इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे घेऊन येतो. वाटेत त्यांना अरबी समुद्राचीही वाफ मिळते. यांना आपली वर्तमानपत्रे पश्चिमी झंझावात म्हणतात, हिंदीत पश्चिमी विक्षोभ. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा येतात, पण सगळेच सारख्या ताकदीचे नसतात. एखादा नुसते ढग दाखवून जातो, एखादा तीन दिवस ठाण मांडून बसतो.

हा झंझावात पीर पंजालच्या रांगेवर आदळला की ओली हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि तिच्यातली वाफ बर्फ होऊन खाली येते. गुलमर्ग याच रांगेच्या कुशीत, सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे गुलमर्गचे मैदानच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर उंच. तिथून दोन टप्प्यांची केबलकार निघते. तिला तिकडे गोंडोला म्हणतात. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटर. जगभरचे स्की करणारे येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी.

या झंझावातांशी आपले काही देणेघेणे नाही असे मात्र समजू नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली, गहू-हरभरा झोपला, द्राक्षबागा गेल्या, ती आठवते ना? पश्चिमेकडून आलेले असेच झंझावात आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा यांची गाठ पडली की आपल्याकडे गारा पडतात. गुलमर्गला स्कीवाला ज्या ढगाची वाट पाहतो त्याचेच भाऊबंद आपल्या रब्बीवर येतात.

आपल्याकडे जसे मृग, आर्द्रा, तसे काश्मीरमध्ये चिल्लई कलान. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे. मग वीस दिवसांचे चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचे चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ थिजून टिकतो, उन्हाळ्यात हळूहळू वितळून ओढ्यांना, भाताला, सफरचंदाच्या बागांना पाणी देतो, म्हणून तिकडचा शेतकरीही आभाळाकडे डोळे लावून असतो. भाच्याने गाठलेले दिवस चिल्लई कलानचेच होते. पंचांग बरोबर होते, आभाळच आले नाही.

पंधरा दिवसांचा अंदाज, तीन दिवसांचा अंदाज

आता मोबाईलवरच्या त्या रकान्याचे बघू.

अंदाज म्हणजे गणित आहे. उपग्रह, फुगे, विमाने, जहाजे, जमिनीवरची केंद्रे यांच्याकडून आत्ताच्या हवेची माहिती गोळा करायची आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी ती पुढे ढकलत न्यायची. हे काम करणारे मोठे संगणक अमेरिकेत आहेत, युरोपात आहेत आणि आपल्या पुण्यातही आहेत. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली बसवलेल्या संगणकाचे नाव 'अर्क'. पुण्याच्या शिवाजीनगरला लोक 'सिमला ऑफिस' म्हणतात ना, ते हवामान खातेच. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले आणि नाव मागे राहिले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी चौकाचे नाव कोणी बदलले नाही.

हे गणित सुरुवातीला अगदी थोडे चुकते. पण चूक दिवसागणिक वाढत जाते. तीन दिवसांपर्यंत ती आवाक्यात असते, पाच-सात दिवसांपर्यंत वादळ येणार की नाही इतपत सांगता येते, दहा दिवसांपुढे कोणत्या गावी किती सेंटीमीटर हे सांगणे म्हणजे अंधारात दगड. मोबाईल मात्र तिसऱ्या दिवसाचा आकडा आणि बाराव्या दिवसाचा आकडा एकाच टाइपात, एकाच रंगात छापतो. खरा दोष मला इथे दिसतो. बाराव्या दिवसाचा आकडा फिकट छापायला हवा होता.

जाणते स्कीवाले म्हणून एकाच आकड्यावर जात नाहीत. युरोपच्या केंद्रात तेच गणित सुरुवातीची माहिती किंचित बदलून पन्नास वेळा सोडवतात. पन्नासपैकी पंचेचाळीस उत्तरांत वादळ दिसले तर ते बहुधा येणार. पन्नासपैकी आठांत दिसले तर ते अजून वादळ नाही, नुसती बातमी आहे. भाच्याने पाहिले ते चाळीस सेंटीमीटर अशाच एखाद्या एकट्या उत्तरातून आलेले असणार. शिवाय आज पाहिलेला अंदाज उद्या आणि परवा पुन्हा पाहायचा. तीन दिवस तो एका जागी टिकला तर विश्वास ठेवावा. रोज हलत असेल, मागे-पुढे सरकत असेल, तर आपण आपल्या जागी बसावे.

दुसरी गोष्ट, मिलिमीटर आणि सेंटीमीटर. हवामान खाते पाण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये देते. साधारण हिशेब असा की दहा मिलिमीटर पाण्याचा दहा सेंटीमीटर बर्फ होतो. हवा फार थंड असेल तर तेवढ्याच पाण्याचा पंधरा, कधी वीस सेंटीमीटरही होतो, कारण थंडीतला बर्फ कापसासारखा फुगून, हलका पडतो. याच हलक्या, भुसभुशीत ताज्या बर्फाला स्कीवाले पावडर म्हणतात. त्याच्यासाठी ते समुद्र ओलांडून येतात. हवा शून्याच्या आसपास असेल तर तोच बर्फ ओला, जड, भिजवलेल्या मातीसारखा होतो, पाय ओढतो. त्याहून ऊब वाढली तर सरळ पाऊस. म्हणून पाण्याच्या आकड्याशेजारी शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे ते पाहावेच लागते. रेषा २,००० मीटरवर असेल तर गुलमर्गला बर्फ. रेषा ३,००० मीटरवर चढली तर वर अफरवटला बर्फ आणि खाली गुलमर्गच्या मैदानात, जिथे आपला नवशिक्या पहिली पावले टाकणार, तिथे चिखल. मार्चमध्ये असे होऊ शकते.

तिसरी गोष्ट वारा. बर्फ भरपूर पडला, पण वारा सुटलेला आहे, तर गोंडोलाचा वरचा टप्पा बंद. समोर डोंगर पांढराशुभ्र आणि आपण हॉटेलात चहा पीत. स्कीवाल्याला हवे असते ते वादळ नव्हे, वादळानंतरची सकाळ. आभाळ निवळलेले, वारा पडलेला, बर्फ अजून कोणी तुडवलेला नाही. सगळा खटाटोप त्या एका सकाळीसाठी.

आणि नेमकी तीच सकाळ घातक असते.

मोहरी आणि चटई

शहाबादी फरशीवर मूठभर मोहरी सांडा, तिच्यावर जड चटई पसरा आणि फरशी एका बाजूने उचला. चटई एकदम निसटते. हिमस्खलन, म्हणजे डोंगरावरचा बर्फ कोसळणे, बहुतेक वेळा असेच होते. सुरुवातीला थोडा बर्फ पडतो, मग बरेच दिवस कोरडी, निरभ्र थंडी. त्या थंडीत खालचा पातळ थर साखरेच्या दाण्यासारखा सुटा होतो. त्यावर मोठे वादळ येऊन अर्धा-पाऊण मीटर नवा बर्फ टाकते. मोहरीवर चटई पडली. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हे जास्तीत जास्त घडते, आणि स्कीवाल्यांना आवडतात तेही हेच उतार. स्की करणारे हिमस्खलनात मरतात तेव्हा दहापैकी नऊ वेळा ते त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेले असते. वादळ चालू असताना आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत धोका सर्वांत जास्त.

२०२३ च्या जानेवारीअखेर काश्मीरमध्ये जोरदार बर्फ पडला. १ फेब्रुवारीला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीवाले मेले. एकोणीस परदेशी आणि दोन स्थानिक वाटाडे यांना वाचवण्यात आले. पुढच्या वर्षी, ज्या हिवाळ्यात आमचा भाचा वाळके गवत पाहून आला त्याच हिवाळ्यात, बर्फ उशिरा आला आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी अफरवटच्या उतारावर एक रशियन स्कीवाला गाडला जाऊन गेला. ही सगळी अनुभवी माणसे होती. अंदाज त्यांना आपल्यापेक्षा चांगला वाचता येत होता.

म्हणून बर्फाच्या अंदाजाबरोबर हिमस्खलनाचा इशारा वेगळा पाहावा लागतो. आपल्याकडे तो संरक्षण खात्याची चंदीगडची संस्था देते आणि राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तो जिल्हावार, उंचीसह कळवते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. पहिली कमी, पाचवी अत्यंत जास्त. गंमत म्हणा वा दुर्दैव, जगभर फार माणसे मरतात ती तिसऱ्या पायरीवर. चौथ्या-पाचव्या पायरीला माणूस घाबरून घरी बसतो. तिसरी मधली वाटते. "पाचपैकी तीनच ना," म्हणून निघतो. परीक्षेतले गुण आणि या पायऱ्या यांची गल्लत करू नये.

हवामान खात्याचे रंगही ध्यानात ठेवावेत. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे रंग आपल्याकडच्या पावसाळ्यात सवयीचे झाले आहेत. डोंगरात त्यांचा अर्थ बदलत नाही.

नवशिक्याने घाबरून जाऊ नये. तो शिकतो मैदानातल्या सौम्य उतारांवर, गुलमर्गच्या गोल्फच्या मैदानाच्या आसपास, तिथे हा धोका नसतो. धोका सुरू होतो वरच्या, आखून न दिलेल्या उतारांवर. तिथे वाटाड्या आणि तीन वस्तू यांच्याशिवाय कोणी जात नाही: गाडले गेल्यास ठावठिकाणा सांगणारे यंत्र, बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी आणि फावडे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर माणूस जगण्याची आशा मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. मदत खालून येईपर्यंत एवढा वेळ नसतो. सोबत्यानेच खणायचे असते.

ज्यांची रोजी बर्फावर

भाच्याने पहिल्या फेरीतली एक गोष्ट मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. वाळक्या गवताकडे पाहत चौघे उभे होते तेव्हा शेजारी एक स्लेजवाला बसला होता. स्लेज म्हणजे बर्फावरून ओढायची लाकडी घसरगाडी. पर्यटकाला तीत बसवायचे आणि दोरीने ओढत न्यायचे, हा त्याचा धंदा. फेरनच्या आत कांगडी धरून तो म्हणाला, "तुमची सुट्टी वाया गेली, आमचा हंगाम."

हे वाक्य भाच्याला लागले आणि त्याने सांगितल्यावर मलाही. गुलमर्गमध्ये बर्फ नसला की स्लेजवाले, स्की शिकवणारे, बूट-कोट भाड्याने देणारे टंगमर्गचे दुकानदार, हॉटेलातली पोरे, टायरला साखळ्या बांधून टंगमर्ग ते गुलमर्गचा तेरा किलोमीटरचा घाट चढणारे टॅक्सीवाले, सगळे हात बांधून बसतात. अंदाज तेही पाहतात. पर्यटकाला आठ दिवसांचा अंदाज पुरतो, त्यांना अख्ख्या हिवाळ्याचा हवा असतो, आणि तो कोणी देऊ शकत नाही. याच माणसांतून खेळाडू तयार होतात, हेही सांगायला हवे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता आरिफ खान. तो गुलमर्गच्या पायथ्याचा, वडिलांचे तिथे स्कीच्या सामानाचे दुकान. मोठ्या वळणांच्या शर्यतीत त्याने पंचेचाळिसावा क्रमांक मिळवला.

पुढच्या हिवाळ्यात भाचा पुन्हा निघाला. या वेळी त्याने दिवस निवडले २२ फेब्रुवारी ते ५ मार्च २०२५. जायच्या आधीच बातमी आली की गुलमर्गला २२ ते २५ फेब्रुवारीला व्हायच्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या. सरकारचेही आमच्या फिटरसारखेच झाले, तारखा ठरल्या आणि बर्फ नाही! मित्र कचरले. पण भाचा आता अंदाज रोज पाहत होता. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक जोरदार झंझावात येतो आहे असे दिसत होते, रोज पाहिले तरी तो जागचा हलत नव्हता, आणि सगळीकडची उत्तरे जुळत होती. ते गेले. पहिले तीन दिवस पातळ, कडक बर्फावर पडत-धडपडत शिकले. मग आभाळ भरून आले आणि बर्फ सुरू झाला तो थांबेचना.

त्या वादळाने गुलमर्गचे उतार भरून निघाले आणि ढकललेल्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला पार पडल्या. भाचा म्हणतो, हॉटेलातले सगळे खिडकीशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. २८ तारखेला मात्र त्याच हॉटेलच्या टीव्हीवर दुसरी बातमी आली. उत्तराखंडात, बदरीनाथच्या पलीकडे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर पहाटेच्या सुमारास बर्फाचा कडा कोसळला होता. चोपन्न मजूर पत्र्याच्या कंटेनरमध्ये होते. रस्त्यावरचा बर्फ काढायचे त्यांचे काम. बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, उत्तराखंड, कुठून कुठून आलेले. सेना आणि बचाव पथकांनी सेहेचाळीस जणांना जिवंत बाहेर काढले. आठ गेले.

झंझावात तोच होता. काश्मीरवरून पुढे सरकलेला.

आणि इशारा दिलेला होता. आदल्या संध्याकाळी चंदीगडच्या संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या डोंगरी जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा धोका असल्याचे कळवले होते. म्हणजे अंदाज बरोबर निघाला. स्कीवाला अंदाज वाचतो तेव्हा त्याच्या हातात जायचे की नाही हे असते. माणाच्या त्या माणसांच्या हातात ते नव्हते. त्यांना तिथून खाली हलवायचे की नाही हे दुसऱ्या कोणी ठरवायचे होते. हिवाळा संपण्याआधी छावणी त्या जागी असावी का, इशारा आल्यावर ती रिकामी करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले आणि ते पुन्हा पुन्हा विचारले गेले पाहिजेत. दोन-अडीच हजार किलोमीटरवर बसून आपल्याला एवढे तरी कळावे की ज्या बर्फाची आपण सहलीसाठी वाट पाहतो त्याखाली कोणी तरी काम करत असते. भाचा म्हणाला, त्या रात्री टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

ज्यांना पुढच्या हिवाळ्यात मुलाला वा मुलीला पाठवायचे आहे त्यांनी माझ्या मते आधी संस्थेच्या वर्गाचा विचार करावा. नावनोंदणी लवकर सुरू होते, जागा थोड्या असतात. आपले आपण जाणार असाल तर जानेवारीच्या अखेरपासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे, पण २०२५ ने दाखवले तसे तेही हुलकावणी देतात. मोबाईलवर पंधरा दिवसांचा अंदाज पाहून तिकीट काढू नये, तिकीट आधी निघतेच. अंदाज वाचायचा तो तिथे पोचल्यावर कोणत्या दिवशी काय करायचे हे ठरवण्यासाठी: वादळाच्या दिवशी श्रीनगरला थांबायचे की वर जाऊन बसायचे, कोणत्या सकाळी लवकर उठायचे, कोणत्या सकाळी वाटाड्याने "आज नको" म्हटले तर गप्प ऐकायचे. सहा दिवस शिकायचे असेल तर नऊ दिवसांची रजा मागावी. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे आता सगळी मदार जम्मू-श्रीनगरच्या रस्त्यावर नाही. त्याआधी वादळात तो रस्ता बंद पडला की गाडी चुकायची. भाच्याची चुकलीच. परतीला ते एक दिवस बनिहालच्या अलीकडे अडकले आणि जनरलच्या डब्यातून उभ्याने आले.

यंदा त्याने पुन्हा अर्ज दिला आहे. सुपरवायझरने विचारले, मागच्यापेक्षा दोन दिवस जास्त कशाला? त्याने खरे ते सांगितले: "एक बर्फ पडायला, एक रस्ता उघडायला." सही अजून व्हायची आहे.